रिपोर्टातले इंग्रजी

पूर्वी घरोघरी जन्मपत्रिकांचे बाड असे. आता रिपोर्टांची फाईल असते. पत्रिका वाचायला जोशीबुवा लागत, रिपोर्ट वाचायला गल्लीतला कोणी तरी इंग्रजी जाणणारा लागतो. आमच्या गल्लीत तो मान पुष्कळ वर्षे माझ्याकडे आहे. जालन्याच्या एका शाळेत मी तेहतीस वर्षे इंग्रजी शिकवले. त्यामुळे बँकेच्या नोटिशीपासून नोकरीच्या अर्जापर्यंत जे जे इंग्रजीत येई, ते ते वाचून दाखविण्याचे काम आमच्या ओट्यावर चाले. रिपोर्टही त्यातच येत.

या कामाचा मला थोडा अभिमानच होता म्हणा ना! तो अभिमान एका शब्दाने साफ उतरवला. शब्द काही अवघड नव्हता. आज तो शाळकरी पोरांच्या तोंडी आहे, आणि २०२० सालच्या करोनाने तर तो आजीबाईंच्याही तोंडी बसवला. शब्द असा: निगेटिव्ह.

गोष्ट २०११ सालची. आमच्या शेजारी भोकरदन तालुक्यातले एक शेतकरी गृहस्थ मुलांच्या शिक्षणासाठी दोन खोल्या घेऊन राहात होते. गावाकडे कापूस आणि मका, घरची सात-आठ एकर कोरडवाहू जमीन. सारी गल्ली त्यांना आबा म्हणे. त्यांच्या धाकट्याला खोकला लागला, संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला, वजन उतरले. तपासणीत क्षय निघाला. सरकारी दवाखान्यात फुकट औषध सुरू झाले आणि दोन महिन्यांत पोराच्या तोंडावर तेज आले. एके दिवशी आबा हातात कागद घेऊन ओट्यावर आले.

"गुरुजी, एवढं वाचून सांगा बरं. पोरगं म्हनतंय निगेटिव्ह आलं. हे चांगलं का वाईट?"

मी चष्मा चढवून कागद पाहिला आणि हसून म्हणालो, "आबा, निगेटिव्ह म्हणजे नकारार्थी. निगेटिव्ह म्हणजे नाही. रोग नाही! पेढे आणा."

आबांनी खरोखरच पेढे आणले. दवाखान्यातल्या बाईंनी मुलाला सहा महिने गोळ्या घ्यायला बजावले होते. पण प्रत्यक्ष गुरुजींनी 'रोग नाही' म्हटल्यावर मग गोळ्या कशासाठी? मुलाला पुण्याकडे एका कारखान्यात काम मिळाले. तो गेला, गोळ्या राहिल्या.

त्या कागदाचा खरा अर्थ काय होता, तो मला पुढे कळला. थुंकीच्या त्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले नाहीत, एवढेच त्यात म्हटले होते. एका मिलिलिटर थुंकीत पाच ते दहा हजार जंतू असतील, तेव्हा कुठे ते या पद्धतीने नजरेला पडतात. त्याहून कमी असले तर कागदावर 'निगेटिव्ह'च येणार. 'जंतू दिसले नाहीत' आणि 'जंतू नाहीत' ही दोन अगदी निराळी वाक्ये आहेत. मुलांना जन्मभर क्रियापद शोधायला शिकवणाऱ्या मास्तराने नेमके क्रियापदच गाळले होते!

२०१२ च्या दिवाळीला मुलगा परत आला तो खोकतच. गालफडे बसलेली, आवाज खोल गेलेला. पुन्हा दवाखाना, पुन्हा थुंकी, आणि या वेळी एक नवाच शब्द: नमुना 'कल्चर'ला पाठवला आहे.

"कल्चर म्हंजे संस्कृती ना, गुरुजी?" आबांनी विचारले. "आमचं पोरगं शाळेत कल्चरल प्रोग्रामात नाचलं व्हतं."

एरवी मी मनमुराद हसलो असतो. त्या दिवशी मुकाट्याने आत गेलो आणि शब्दकोश काढला. लॅटिन भाषेत शेत कसणे, मशागत करणे या अर्थाचे एक क्रियापद आहे. त्यातून हा शब्द आला. शेतीला इंग्रजीत 'ॲग्रिकल्चर' म्हणतात ते त्यामुळेच. मनाच्या मशागतीला संस्कृती म्हणू लागले ते मागाहून. मी बाहेर येऊन म्हणालो, "आबा, कल्चर म्हणजे लागवड. प्रयोगशाळेत जंतूंना खतपाणी घालून उगवू द्यायचे आणि मग ओळखायचे."

"मंग असं सांगा की! जंतूची पेरनी. किती दिसांत उगवतंय?"

"सहा ते आठ आठवडे."

"म्हंजे जवारी निसवायला येती तेवढे दिस," आबा म्हणाले. त्यांना सारे समजले होते.

हे पीक इतके सावकाश का येते, त्यालाही कारण आहे. पोटात राहणारे साधे जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. क्षयाचा जंतू त्याच कामाला जवळजवळ एक दिवस घेतो. असा हा आळशी प्राणी. आणि त्याचा आळसच त्याचे चिलखत आहे. बरीचशी औषधे जंतू वाढत असताना त्याला मारतात. हा स्वस्थ पडून राहतो, म्हणून औषधाला सहा-सहा महिने दारात उभे राहावे लागते.

पेरणीचा निकाल आला. पहिली दोन मुख्य औषधे, आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन, दोन्हींपुढे एकच शब्द लिहिलेला: 'रेझिस्टंट'. मी पुन्हा मास्तरकी केली. म्हटले, "रेझिस्टन्स म्हणजे प्रतिकार. मुलाच्या शरीराला औषधाची सवय झाली म्हणायची."

आबांनी मान हलवली. "न्हाई गुरुजी. सवय पोराला न्हाई झाली, किड्याला झाली. कपाशीवर आम्ही हेच पाह्यलं. आधी एका फवारनीत बोंडअळी मरायची. मंग दोनदा औषध मारलं, चारदा मारलं, तरी मरंना. समदी मरायची, पर एखादी उरायची. तिची पिल्लं तिच्याच वानाची!"

वाचकहो, जंतुशास्त्राची जाडजूड पुस्तके हेच सांगतात. जंतूला सवय लागते असे म्हणणेही तितकेसे बरोबर नाही. कोट्यवधी जंतूंमध्ये एखादा जन्मतःच असा निपजतो की त्याच्यावर अमुक औषध चालत नाही. औषध पुरते न घेता अर्धवट सोडले किंवा एकटेच वापरले, की बाकीचे मरतात आणि त्या एकाला सारे रान मोकळे मिळते. आपण जणू निवड करून त्याचे बियाणे तयार करतो. बियाण्यांच्या राजधानीत हे समजायला वेळ लागू नये. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी 'महिको' काढली ती याच जालन्यात. देशात पहिल्यांदा ज्या बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली, त्याचे वाणही त्यांचेच. पुढे २०१७ साली बीटी कापसावरही गुलाबी बोंडअळीने मराठवाड्यात आणि विदर्भात हैदोस घातला. अळी असो की जंतू, निसर्गाचा कायदा एकच आहे.

त्या हिवाळ्यात मुलाचे नवे औषध सुरू झाले. दोन वर्षांचे! पहिले काही महिने रोज इंजेक्शन, आणि मूठभर गोळ्या. त्या गोळ्यांनी त्याला मळमळे, जेवण समोर आले की तो भिंतीकडे तोंड करी. संध्याकाळी आबा ओट्यावर येऊन बसत. मी त्यांच्याकडे पाहण्याचे टाळी. ते मात्र मला कधी एका शब्दाने टाकून बोलले नाहीत. एक दिवस म्हणाले, "गुरुजी, त्या फाईलीतला एकेक शब्द मला समजून सांगा. म्हंजे पुन्हा चूक व्हायची न्हाई." त्यांनी 'तुमची चूक' म्हटले नाही, हे मी कधी विसरणार नाही.

तेव्हापासून आमचा वर्ग भरू लागला. शिकवणारा मी आणि शिकणारे आबा, असे निदान दिसायला तरी होते.

पहिल्या दिवशी 'इन्फेक्शन' घेतले. मूळ लॅटिन अर्थ बुडवणे, रंगवणे, डाग लावणे. कापड रंगात बुडवले की रंग लागतो, तसा रोग लागतो. आपल्याकडेही लागण म्हणतात. आणि गंमत पाहा, उसाचीही लागणच करतात! 'एपिडेमिक' म्हणजे लोकांवर आलेले. आपण त्याला साथ म्हणतो. सोबतीला जो शब्द, तोच संकटाला. 'इन्फ्लुएंझा' हा इटालियन. त्याचा अर्थ प्रभाव, म्हणजे ग्रहताऱ्यांचा. तिकडचे शहाणेही पत्रिका पाहात होते म्हणायचे! 'क्वारंटाईन' हाही तिकडलाच. व्हेनिसच्या बंदरात जहाजांना चाळीस दिवस थांबवून ठेवीत, त्या चाळिसावरून तो आला. आमची सौ. हे ऐकून आतून म्हणाली, "मग आपल्या बाळंतिणीचा सव्वा महिना काय निराळा आहे?" हिशेबाने साडेसदतीस दिवस. फार निराळा नाही खरा!

'मलेरिया' म्हणजे वाईट हवा. हा रोग दलदलीच्या हवेने होतो असे शतकानुशतके लोक मानीत. तो गैरसमज ज्या संस्थानात मोडला, त्याच संस्थानात आमचे जालने होते. २० ऑगस्ट १८९७ रोजी निजामाच्या राज्यात, सिकंदराबादेस, रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. हवा निर्दोष सुटली. नाव मात्र तसेच राहिले. आपला 'हिवताप' शब्द अधिक प्रामाणिक. त्याने कारण सांगण्याचा आव आणला नाही, हीव भरते आणि ताप येतो एवढेच सांगितले.

'व्हायरस' म्हणजे लॅटिनमध्ये विष. म्हणून आपला विषाणू. 'व्हॅक्सिन'मध्ये तर साक्षात गाय आहे. लॅटिन 'व्हाका' म्हणजे गाय. १७९६ साली एडवर्ड जेनर यांनी गायीच्या देवीची लस एका मुलाला टोचली, त्यावरून हे नाव पडले. सहा वर्षांनी, १८०२ च्या जूनमध्ये, ती लस मुंबईला पोचली आणि ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानात प्रथम टोचली गेली. त्याच मुंबईत १८९६ साली गाठीचा प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी त्यावर लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःच्या अंगावर घेऊन पाहिली. परळची हाफकिन संस्था त्यांचे नाव चालवते.

"म्हंजे सायबानं आधी सोतावर पाह्यलं," आबा म्हणाले. "चांगला मानूस!"

मग फाईलीबाहेरचे शब्द आले. मुलाला चालेल असे आणखी नवे औषध कोठे निघाले आहे का, हे आबांना हवे होते, आणि मलाही. वर्तमानपत्रात औषधांच्या शोधाविषयी जे येई ते मी कापून ठेवू लागलो. त्यात एक शब्द वारंवार येई: 'स्क्रीनिंग'. म्हणजे चाळणे. औषधाचा शोध ही पुष्कळदा निव्वळ चाळणीची गोष्ट असते. १९४३ साली अमेरिकेत सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी मातीतले सूक्ष्म जीव चाळता चाळता स्ट्रेप्टोमायसिन शोधले. क्षयावर चालणारे ते पहिले प्रतिजैविक. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. तिथल्या संशोधकांनीही माती चाळली आणि १९६१ साली बुरशीच्या रोगांवरचे 'हॅमायसिन' काढले. ते ज्या सूक्ष्म जीवापासून मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावात 'पिंपरी' कायमची बसली आहे.

"औषध मातीत, बियानं मातीत," आबा पुटपुटले, "आन् आपन बी शेवटी मातीतच."

दुसरा शब्द 'ट्रायल'. औषध सापडले तरी ते खरेच गुणकारी आहे, हे ठरवायचे कसे? नुसत्या अनुभवावर विसंबले तर आपोआप बरे झालेल्यांचे श्रेयही औषधाला जाते. १९४८ साली इंग्लंडमध्ये स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली. १०७ रुग्ण, त्यांतल्या ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. कोणाला काय मिळणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर ठेवले नव्हते, चिठ्ठी टाकल्यासारखे आधीच ठरवले होते. ही चिठ्ठीची युक्ती वैद्यकाने घेतली ती शेतीकडून! रोनाल्ड फिशर यांनी १९२० नंतरच्या दशकात इंग्लंडच्या एका शेतकी संशोधन केंद्रात ती बसवली. कोणत्या वाफ्यात कोणते खत घालायचे हे सोडतीने ठरवायचे, म्हणजे चांगल्या जमिनीचे श्रेय खताला जात नाही. ज्या गटाला नवे औषध देत नाहीत त्याला 'कंट्रोल' म्हणतात, असे मी सांगताच आबा गोंधळले. आमच्याकडे कंट्रोल म्हणजे रेशनचे दुकान! "तिथं बी काही मिळत न्हाईच की," ते म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी आम्ही दोघे हसलो.

त्या चाचणीत एक कडू धडाही होता. स्ट्रेप्टोमायसिन घेतलेले रुग्ण आधी झपाट्याने सुधारले. पण पुष्कळांच्या अंगातले जंतू काही महिन्यांत त्या औषधाला दाद देईनासे झाले. तेव्हापासून क्षयाला एकटे औषध द्यायचे नाही, एका वेळी अनेक द्यायची, हा नियम झाला. एकातून निसटलेला दुसऱ्याच्या हाती सापडावा! क्षयाच्या गोळ्या चार-चार का, याचे उत्तर इतके सोपे आहे.

तिसरा शब्द 'पाईपलाईन'. वर्तमानपत्रात लिहिले होते की क्षयावरच्या नव्या औषधांची पाईपलाईन जवळजवळ कोरडी आहे. हा शब्द मात्र मला समजावून सांगावा लागला नाही. २०१२-१३ चा तो दुष्काळ! घाणेवाडीचा तलाव आटलेला, गल्लीत टँकरची वाट पाहणाऱ्या घागरींची रांग, आणि जायकवाडीहून पाणी आणणारी पाईपलाईन कधी पुरी होते याकडे साऱ्या गावाचे डोळे. पाईपलाईन आहे आणि तिच्यातून थेंब येत नाही, म्हणजे काय, हे जालनेकराला कोणी शिकवावे? त्याच हिवाळ्यात, डिसेंबर २०१२ मध्ये, अमेरिकेत 'बेडाक्विलिन'ला परवानगी मिळाली. क्षयावर नव्या तऱ्हेने काम करणारे सुमारे चाळीस वर्षांतले ते पहिले औषध. आपल्या सरकारी योजनेत ते २०१६ साली आले. आमच्या मुलाला त्याचा उपयोग झाला नाही. त्याने जुनीच इंजेक्शने आणि जुन्याच गोळ्या पचवल्या.

पण त्याने त्या पचवल्या. एकही दिवस चुकवला नाही. आबा रोज त्याच्यासमोर बसून गोळ्या मोजीत आणि भिंतीवरच्या कॅलेंडरावर फुली मारीत. यथावकाश औषध पूर्ण झाले. अखेरचे कल्चरही निगेटिव्ह आले. आबा तो कागद घेऊन ओट्यावर आले. मी या वेळी अर्थ सांगितला नाही. म्हटले, "चला, डॉक्टरांनाच विचारू." आम्ही दोघे गेलो. डॉक्टर म्हणाले, "बरा झाला." तेव्हा पेढे मी आणले.

आज या रोगाची भाषा पुष्कळ बदलली आहे. नव्या यंत्राने सुमारे दोन तासांत जंतू आहे की नाही आणि रिफॅम्पिसिन चालेल की नाही, दोन्ही कळते. हट्टी क्षयावरचा दोन वर्षांचा वनवास नव्या औषधांनी पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत सहा महिन्यांवर आला आहे, आणि त्यात ते इंजेक्शन नाही. पण शब्दांचे घोटाळे अजून घरोघर चालूच आहेत. 'व्हायरल' ताप आहे असे डॉक्टर सांगतात, आणि आपण 'मग एखादे अँटिबायोटिक द्या' म्हणून हटून बसतो. अँटिबायोटिक जीवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही. ते उगाच घेतले की अंगातल्या इतर जंतूंना तेवढी तालीम मिळते. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या आपण भरवशाने घेतो. आणि 'कोर्स' हा शब्द! शाळेत अर्धा कोर्स टाकून दिला तर विद्यार्थ्याला पदवी मिळत नाही. क्षयाचा कोर्स अर्धा टाकला तर पदवी मिळते, पण ती जंतूला!

रिपोर्ट वाचायला लोक अजूनही माझ्याकडे येतात. मी वाचूनही दाखवतो. पण शेवटी एक वाक्य न चुकता सांगतो: "हे कागदावरचे इंग्रजी झाले. याचा अर्थ तुमच्या बाबतीत काय, ते डॉक्टरांना विचारा, आणि समजेपर्यंत विचारा. लाजू नका." इंग्रजी न येणे ही लाजेची गोष्ट नाही. न समजता मान डोलावणे मात्र महाग पडते. आणि अर्धवट समजून दुसऱ्याला सांगणे त्याहून महाग.

आबांचा धाकटा आता बियाण्यांच्या एका गोदामात कामाला आहे. लग्न झाले, दोन मुले आहेत. त्या इंजेक्शनांनी त्याच्या कानांवर परिणाम झाला. समोरासमोरचे बोलणे ऐकू येते. बारीक, उंच आवाज मात्र कायमचे गेले. दिवाळीत तो आमच्या अंगणात पोरांना घेऊन येतो. त्याची चिमुरडी फुलबाजी पेटवते आणि ती चरचरू लागली की कौतुकाने विचारते, "बाबा, कसा आवाज येतो, ऐकलात?"

तो तिच्या तोंडाकडे पाहून हसतो आणि 'हो' म्हणतो. ओट्यावर बसलेल्या मला तेवढे एकच भाषांतर करायचे असते. आणि ते मी मनातच करतो.